पातळ लॅपटॉप घ्यायचाय? जाडी नंतर; आधी वजन, बिजागरी आणि रॅम बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही कॉलेजात शिकवता. रोज बदलापूर ते दादर लोकलने जाणं-येणं, पाठीवर सॅक. सध्याचा पंधरा इंची लॅपटॉप चार्जरसकट तीन किलोला टेकतो आणि खांदे भरून येतात. दुकानात एक चौदा इंची, धातूच्या बॉडीचा, सव्वा किलोचा लॅपटॉप बघितलात आणि तो मनात भरला. घरचे म्हणतात, एवढा पातळ टिकायचा नाही. दुकानदार म्हणतो, डोळे झाकून घ्या. काम म्हणाल तर वर्ड, पीपीटी, मार्कांच्या एक्सेल शीट, ऑनलाइन तास आणि रेकॉर्ड केलेल्या व्याख्यानांची थोडी काटछाट. निदान पाच वर्षं चालावा ही अपेक्षा.

घ्या. रोज लोकलने जाणाऱ्या माणसासाठी हलका लॅपटॉप ही गरज आहे. देखणा आहे म्हणून आवडला, त्यातही वावगं काही नाही; जी वस्तू रोज तासन् तास समोर असणार ती आवडलीच पाहिजे. पण दुरुस्तीच्या टेबलावर बरीच वर्षं काढल्यावर मला एक गोष्ट पक्की कळली आहे की पातळपणाची किंमत कुठे ना कुठे मोजावी लागतेच. नीट बनवलेल्या महाग मॉडेलमध्ये ती आपण खरेदीच्या वेळी पैशांत मोजतो. स्वस्तात पातळ केलेल्या मॉडेलमध्ये ती बिजागरी, बॅटरी आणि उष्णता यांच्यावर ढकललेली असते आणि दोन-अडीच वर्षांनी वसूल होते. शोकेसमध्ये दोन्ही शेजारी ठेवली तर फरक दिसत नाही. तो ओळखायचा कसा, ते सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे जाडीचा आकडा डोक्यातून काढून टाका. सॅकमध्ये १४ मिलिमीटर आणि १७ मिलिमीटर यांत काही फरक जाणवत नाही. तीनशे ग्रॅमचा फरक मात्र कल्याणपासून दादरपर्यंत उभं राहून जाताना चांगलाच जाणवतो. आणि वजन मोजताना चार्जर धरून मोजा. कंपनी सांगते ते वजन नुसत्या मशीनचं असतं, तेही बहुतेक वेळा सर्वांत हलक्या व्हेरियंटचं. जुन्या पद्धतीचा वीटेसारखा चार्जर आणि त्याची जाड तीन-पिनी वायर मिळून साडेतीनशे-चारशे ग्रॅम सहज भरतात. टाइप-सी वरून चार्ज होणारं मशीन घेतलंत तर ६५ वॉटचा छोटा गॅन (गॅलियम नायट्राइड वापरून लहान केलेला) चार्जर शे-सव्वाशे ग्रॅमच्या आसपास असतो आणि त्यावर फोनही चार्ज होतो. म्हणजे सव्वा किलोचं मशीन आणि जड चार्जर यापेक्षा १.३५ किलोचं मशीन आणि हलका चार्जर हा सौदा खांद्याला स्वस्त पडतो.

हलकेपणा येतो कुठून, हेही बघण्यासारखं आहे. ॲल्युमिनियमची घनता घनसेंटीमीटरला २.७ ग्रॅम, मॅग्नेशियमची १.७४. त्यामुळे एक किलोच्या आतली बहुतेक मशीन मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची किंवा कार्बन फायबरची असतात. एलजी ग्रॅम मॅग्नेशियमचा, थिंकपॅड एक्स-वन कार्बनचं झाकण कार्बन फायबरचं. जपानमध्ये फुजित्सूने तेरा इंची लॅपटॉप ६३४ ग्रॅमपर्यंत आणून दाखवला. गंमत अशी की मॅग्नेशियमवर रंगाचा थर द्यावा लागतो, हाताला तो गार लागत नाही आणि झाकण दाबलं तर किंचित लवतं. म्हणून गिऱ्हाईक म्हणतं, ‘हा तर प्लास्टिकचा वाटतो,’ आणि शेजारचा ॲल्युमिनियमचा जड लॅपटॉप घेऊन जातं. किंचित लवणं हा दोष नव्हे. ॲल्युमिनियम दिसतं सुंदर, उष्णताही चांगली पसरवतं, पण कोपऱ्यावर आपटलं तर पोचा कायमचा राहतो आणि तो पोचा कधी कधी आतल्या पडद्याच्या पॅनलवर दाब देत बसतो. दोन्ही चांगले. तुमच्या प्रवासाला मी हलक्याच्या बाजूने कौल देईन.

ही शर्यत सुरू झाली तो प्रसंग अनेकांना आठवत असेल. जानेवारी २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मंचावर ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सने साध्या कागदी पाकिटातून पहिला मॅकबुक एअर बाहेर काढला. वजन १.३६ किलो, जाड बाजूला १९.४ मिलिमीटर, पातळ कडेला ४. त्यासाठी इंटेलने आपल्या प्रोसेसरचं पॅकेज खास लहान करून दिलं होतं. पण त्याच मशीनमध्ये सीडी ड्राइव्ह गेला, यूएसबीचं भोक एकच उरलं, रॅम बोर्डावर कायमची जोडली गेली आणि बॅटरी सहज काढता येईनाशी झाली. आज पातळ लॅपटॉपबद्दल ज्या तक्रारी माझ्या टेबलावर येतात त्यांतल्या बऱ्याचशांचं मूळ त्या पाकिटात होतं. २०११ मध्ये इंटेलने पातळ लॅपटॉपसाठी ‘अल्ट्राबुक’ हे नाव आणलं आणि विंडोजवाल्या कंपन्याही त्या वाटेने गेल्या. २०१५ मध्ये डेलच्या एक्सपीएस १३ ने पडद्याभोवतीची काळी चौकट जवळजवळ नाहीशी केली. तेरा इंची पडदा अकरा इंचीच्या अंगात बसला. माझ्या मते पातळपणापेक्षा ही सुधारणा जास्त उपयोगाची होती, कारण सॅकमध्ये लांबी-रुंदी अडचण करते.

त्याच वर्षी ॲपलने ९२० ग्रॅमचा, १३.१ मिलिमीटर जाडीचा बारा इंची मॅकबुक आणला. त्याच्या पातळपणासाठी कीबोर्डची नवी रचना केली, तिला ‘बटरफ्लाय’ म्हणत. बटण खाली जायचं ते जेमतेम अर्धा मिलिमीटर. धुळीचा एखादा कण आत गेला की बटण अडकायचं किंवा एका दाबात दोनदा उमटायचं. शेवटी २०१८ मध्ये कंपनीला मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली, आणि २०१९-२० मध्ये जुन्या, सिद्ध झालेल्या कात्रीसारख्या रचनेवर परत यावं लागलं. एसरने २०१८ मध्ये ८.९८ मिलिमीटरपर्यंत मजल मारली. त्यानंतर मिलिमीटरची चढाओढ थंडावली, कारण कीबोर्ड आणि उष्णता यांची मर्यादा सगळ्यांनाच कळली होती. तुम्ही दिवसभर टाइप करणार. बटण १.२ ते १.५ मिलिमीटर खाली जाईल असा कीबोर्ड घ्या. दुकानात उभ्या उभ्या नको, स्टूल मागून घ्या आणि मराठीत एक परिच्छेद टाइप करून बघा. कोपऱ्यातली बटणं, शिफ्ट आणि एंटर यांवर बोट नीट पडतं का ते तिथेच कळतं.

आता उष्णता, कारण इथेच सर्वांत जास्त फसगत होते. पातळ लॅपटॉपमधला प्रोसेसर सलग १५ ते २८ वॉटवर चालेल अशा हिशेबाने बसवलेला असतो. पण पहिला थोडा वेळ, साधारण अर्धा-एक मिनिट, त्याला त्याच्या दुपटीहून जास्त वीज घ्यायची मुभा असते. तेवढ्यात तांब्याची नळी आणि छोटा पंखा तापून जातात, मग प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. दुकानात तुम्ही ब्राउझर उघडता, एक फाइल उघडता, सगळं झटक्यात होतं. तुम्ही पहिलं अर्धं मिनिटच बघत असता. चाळीस मिनिटांचं व्याख्यान एक्स्पोर्ट करायला, म्हणजे काटछाट करून त्याची नवी फाइल बनवायला, लावलं की खरा वेग कळतो. म्हणूनच एकच प्रोसेसर दोन मॉडेलमध्ये वेगवेगळा धावतो. नाव तेच असतं, गार करायची सोय वेगळी असते.

पंखाच नसलेली मशीन हा वेगळा प्रकार. नोव्हेंबर २०२० मध्ये एम-वन चिपचा मॅकबुक एअर आला तेव्हापासून बिनपंख्याचं मशीन गंभीर कामाला चालतं हे सिद्ध झालं. आवाज नाही, आत धूळ ओढली जात नाही, टेबलावर साफसफाईला येत नाही. लांबलचक एक्स्पोर्ट देताना तो हळूहळू मंदावतो, पण आठवड्यातून एखाद्या व्याख्यानाला ते चालून जातं. एक लक्षात ठेवा. ॲपल आपल्या लॅपटॉपसाठी वापराचं तापमान १० ते ३५ अंश सेल्सियस सांगते, आणि बदलापूरला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, विदर्भात तर त्याच्याही पुढे. भर दुपारी पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या खोलीत कुठलाही पातळ लॅपटॉप मंदावणारच. त्यात तो गादीवर ठेवलात तर पंख्याच्या मशीनची खालची जाळीच बंद होते. एक पाट किंवा जाड पुठ्ठ्याचा पॅड घ्या, त्यावर ठेवा. कूलिंग पॅडवर पैसे घालवण्यापेक्षा वर्षातून एकदा आतला पंखा साफ करून घेणं जास्त गुणकारी.

बॅटरीसाठी तासांचा दावा वाचू नका, वॉट-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते ते, वाचा. ‘अठरा तास’ हा आकडा मंद उजेडात एकच व्हिडिओ चालवून काढलेला असतो. साधा भागाकार करा: लिखाण, ब्राउझर, वायफाय अशा कामात चांगलं नवं मशीन सरासरी ६ वॉट घेतं असं धरा. ५४ वॉट-अवरची बॅटरी असेल तर नऊ तास. जास्त खादाड प्रोसेसर १० वॉट घेत असेल तर साधारण साडेपाच तास. ४० वॉट-अवरच्या खालची बॅटरी असलेलं चौदा इंची मशीन दिसलं की पुढे चला. तिथे पातळपणा बॅटरीतून कापून काढलेला आहे. वरची मर्यादाही असते, विमानात बरोबर नेता येणाऱ्या बॅटरीची साधारण हद्द १०० वॉट-अवर आहे, पण या प्रकारात कोणी तिथवर जात नाही.

या लॅपटॉपमध्ये बॅटरीचे सेल चपट्या चांदीरंगी पिशवीचे असतात, भोवती कडक कवच नसतं. सेल जुना झाला, सतत शंभर टक्के भरून गरम राहिला, की आत वायू धरतो आणि पिशवी फुगते. पातळ मशीनमध्ये फुगायला जागाच नसते. बहुतेक मॉडेलमध्ये बॅटरी टचपॅडच्या खाली किंवा बाजूला असते, त्यामुळे पहिली खूण तिथे दिसते: क्लिक कडक होतं, मग टचपॅडची एक कड केसभर वर येते, मग झाकण नीट मिटत नाही. अशा वेळी झाकण दाबून बंद करू नका, चार्जिंग थांबवा आणि बॅटरी बदलून घ्या. ती बदलता येते, त्यासाठी मशीन टाकायचं कारण नाही. फुगू नये म्हणून कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ती पहिल्याच दिवशी चालू करा. लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्री शंभर करा.

विंडोजच्या मशीनमध्ये आणखी एक उपद्रव आहे. नव्या मॉडेलमध्ये झाकण मिटलं की लॅपटॉप पूर्ण झोपत नाही, फोनसारखा अर्धवट जागा राहतो. कधी मेल तपासतो, कधी अपडेट उतरवतो. सॅकमध्ये हवा नाही, मशीन तापतं, कॉलेजात पोचेपर्यंत बॅटरी निम्मी. सेटिंगमध्ये जाऊन झाकण मिटल्यावर ‘हायबरनेट’ व्हावं, म्हणजे चालू काम साठवून मशीन पूर्ण बंद व्हावं, असं करून ठेवा. उघडताना थोडा वेळ जास्त लागेल, बॅटरीचं आयुष्य मात्र वाढेल.

घरच्यांची ‘टिकायचा नाही’ ही शंका खरी ठरते ती बिजागरीपाशी. झाकणाची बिजागरी स्टीलची आणि घट्ट असते. ती स्क्रूने खालच्या बॉडीला बसवलेली असते. चांगल्या मशीनमध्ये हे स्क्रू धातूच्या चौकटीत शिरतात. स्वस्त पातळ मशीनमध्ये वरून ॲल्युमिनियमचा पत्रा दिसतो, पण आत प्लास्टिकचे छोटे खांब असतात आणि त्यांत पितळेच्या बारीक नटांसारख्या पुंगळ्या गरम करून बसवलेल्या असतात. झाकण रोज दहा-पंधरा वेळा उघडमीट होतं. बिजागरी कोरडी पडून आणखी घट्ट होते. एक दिवस ‘कट्’ असा आवाज येतो. पितळी पुंगळी प्लास्टिकसकट उपटून आलेली असते. माणूस आणखी काही दिवस तसाच वापरतो, प्रत्येक उघडण्याला कोपऱ्यात फट पडते, बिजागरी पडद्याच्या काचेवर उलटा जोर देते आणि पॅनल तडकतं. किरकोळ खर्चाचं काम मोठ्या खर्चाचं होतं ते असं. टेबलावर आम्ही नवीन खांब ॲराल्डाइटने उभे करतो, ते टिकतातही, पण मुळातच धातूची चौकट असलेलं मशीन घेणं उत्तम.

दुकानात हे तपासता येतं. झाकण एका बाजूच्या कोपऱ्याला धरून सावकाश उघडा. बिजागरीजवळची बॉडी फुगते किंवा तिथली फट रुंदावते का बघा. मग मधोमध धरून एका हाताने उघडा. खालचा भाग उचलला गेला नाही म्हणजे बिजागरीचा ताण बेताचा आहे. आणि वापरताना नेहमी मधोमधच धरून उघडायची सवय ठेवा, कोपऱ्याला धरून नाही.

पडद्याचंही इथेच सांगतो. पातळ झाकणात काचेच्या मागे आधार कमी असतो. सॅकमध्ये लॅपटॉपला चिकटून डबा किंवा जाड ग्रंथ असेल आणि गर्दीत पाठीवर दाब आला, तर पडद्यावर पांढरट डाग उमटतात, ते जात नाहीत. पेनचं टोपण, पेनड्राइव्ह, अगदी शेंगदाण्याएवढी वस्तू कीबोर्डवर राहून झाकण मिटलं तर काच गेलीच. कॅमेऱ्यावर चिकटवायची सरकती झाकणीही लावू नका. कॅमेरा झाकून लॅपटॉप मिटू नका, असं २०२० मध्ये ॲपलनेच सांगितलं होतं. लॅपटॉपचा कप्पा पाठीच्या बाजूला असलेली सॅक घ्या, डबा पुढच्या कप्प्यात.

धातूच्या बॉडीबद्दल लोक एक तक्रार हमखास घेऊन येतात. चार्जिंगला लावला की मनगटाला झिणझिण्या येतात, बोट फिरवलं तर बॉडी कंप पावल्यासारखी वाटते. लॅपटॉप बिघडलेला नसतो. चार्जरमध्ये विजेतला गोंगाट गाळायला एक छोटा कपॅसिटर असतो, त्यातून अत्यल्प प्रवाह बॉडीवर येतो. अर्थिंग मिळालं तर तो जमिनीत जातो. दोन-पिनी चार्जर असेल, किंवा जुन्या चाळीत तीन-पिनी सॉकेटची तिसरी वायर कुठे जोडलेलीच नसेल, तर तो तुमच्या हातातून जातो. अस्सल चार्जरपासून एवढ्याने इजा होत नाही, पण दिवसभर त्रास होतो. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि तीन पिनांची वायर लावता येणारा चार्जर वापरा. हाताला नुसत्या झिणझिण्या न येता सणसणीत झटका बसला तर मात्र तो चार्जर लगेच बाजूला ठेवा, विशेषतः तो नकली असेल तर.

आता जे नंतर बदलता येत नाही त्याबद्दल. पातळ मशीनमध्ये रॅम बहुतेक नेहमी बोर्डावर सोल्डर केलेली असते, आणि २०२४ पासूनच्या काही इंटेल चिपमध्ये तर ती प्रोसेसरच्याच पॅकेजवर बसवलेली आहे. नंतर वाढवू, हा पर्यायच नाही. पाच वर्षं चालवायचं तर १६ जीबी घ्या, ८ अजिबात नको. ८ जीबीचं पातळ मशीन ऑफरमध्ये कितीही स्वस्त मिळालं तरी नको. एसएसडीचं, म्हणजे फाइली साठवायच्या जागेचं, तसं नाही. विंडोजच्या बऱ्याच मॉडेलमध्ये ती स्क्रू काढून बदलता येते, तेव्हा ५१२ जीबी आज पुरे. मॅकबुक एअरमध्ये ती बदलता येत नाही, तिथे जुनी व्याख्यानं बाहेरच्या एसएसडीवर ठेवायची तयारी हवी. कीबोर्ड अनेकदा वरच्या पत्र्याला बारीक रिव्हेटांनी ठोकलेला असतो, एक बटण गेलं तरी पूर्ण वरचा भाग बदलतात. म्हणून चहाचा कप आणि लॅपटॉप एका टेबलावर नको. सांडलंच तर लगेच बंद करा, चार्जर काढा, उलटा तंबूसारखा ठेवा आणि चालू करून न बघता दुरुस्तीला न्या. तांदळात ठेवल्याने काही होत नाही, आत बोर्डावर गंज चढायला फक्त वेळ मिळतो.

पडदा १६:१० प्रमाणाचा घ्या. तेवढ्याच रुंदीत जुन्या १६:९ पेक्षा ११ टक्के जास्त उंची मिळते, म्हणजे वर्डमध्ये काही ओळी आणि एक्सेलमध्ये काही विद्यार्थी जास्त दिसतात. पडदा किती रंग दाखवतो याचं माप पत्रकात असतं; तिथे ‘४५ टक्के एनटीएससी’ असं लिहिलं असेल तर रंग फिके असणार. ‘१०० टक्के एसआरजीबी’ हवं. उजेड ३०० निटच्या (निट हे पडद्याच्या उजेडाचं एकक) खाली नको, ४०० असेल तर खिडकीजवळही वाचता येतं. ओएलईडी (ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो असा पडदा) दिसायला अप्रतिम, पण मंद उजेडावर त्याच्या लुकलुकण्याने काहींचं डोकं दुखतं. दुकानात उजेड कमी करून पाच मिनिटं मजकूर वाचून बघा.

तुमच्या कामात पोर्टला मी फार महत्त्व देईन. वर्गातला प्रोजेक्टर एचडीएमआयचा असतो, जुन्या कॉलेजात व्हीजीएचासुद्धा. नुसते दोन टाइप-सी असलेलं मशीन घेतलंत तर ॲडॅप्टर आलाच. टाइप-सीचं प्रत्येक भोक सारखं नसतं: काही फक्त डेटाची, ४८० मेगाबिटची, काही ४० गिगाबिटची, आणि चित्र बाहेर पाठवायची सोय सगळ्यांत नसते. भोकाशेजारी थंडरबोल्टचं विजेचं चिन्ह किंवा डिस्प्लेपोर्टचं चिन्ह आहे का बघा, नाहीतर ॲडॅप्टर लावूनही प्रोजेक्टर कोराच राहू शकतो. तुमच्यासाठी पूर्ण आकाराचा एचडीएमआय असलेलं मशीन दोन मिलिमीटर जाड असलं तरी मी तेच सुचवेन.

प्रोसेसरच्या निवडीत एकच सावधगिरी. स्नॅपड्रॅगन एक्स चिपची विंडोज मशीन २०२४ पासून बाजारात आहेत, बॅटरीला खरोखर चांगली आहेत. पण त्यांची चिप आर्म जातीची, म्हणजे फोनमध्ये असते तशा रचनेची, आहे. रोजची सॉफ्टवेअरं चालतात. ड्रायव्हर, म्हणजे जोडलेलं यंत्र चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, मात्र आर्मसाठी वेगळा लिहिलेलाच लागतो. कॉलेजातला जुना प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल सहीचा यूएसबी टोकन, जुन्या बिगर-युनिकोड फाँटच्या सॉफ्टवेअरचा डाँगल, यांपैकी काही लागत असेल तर त्याचा आर्म ड्रायव्हर मिळतो का याची खात्री करूनच घ्या. युनिकोड मराठी टायपिंगला कुठेच अडचण नाही, इनस्क्रिप्ट कीबोर्ड विंडोज आणि मॅक दोन्हींत आहे. कॉलेजचं सगळं काम विंडोजवर अडकलेलं नसेल तर १६ जीबीचा मॅकबुक एअर मी तुम्हाला निःशंक सांगेन. अडकलेलं असेल तर इंटेल कोअर अल्ट्रा २००-व्ही मालिकेतलं किंवा एएमडीच्या नव्या रायझनचं, धातूच्या चौकटीचं चौदा इंची मशीन. एआय बटण, बोटाचे ठसे, झळकणारा लोगो यांसाठी वेगळे पैसे मोजू नका. एक चांगला वेबकॅम आणि स्वच्छ माइक यांसाठी मोजा, तुमचे ऑनलाइन तास त्यावर चालणार आहेत.

बजेट कमी पडत असेल तर स्वस्त पातळ मॉडेलकडे वळण्याआधी कंपन्यांतून परत आलेली तीनेक वर्षं वापरलेली मशीन बघा: एक्स-वन कार्बन, डेलची लॅटिट्यूड ७००० मालिका, एचपीची एलिटबुक ८०० मालिका. ती आतून भक्कम असतात आणि त्यांची बॅटरी, कीबोर्ड, पॅनल मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहसा मिळून जातं. घेताना समोर विंडोज रिसेट करायला लावा आणि इंटरनेट जोडून पहिल्या स्क्रीनपर्यंत जाऊ द्या. तिथे एखाद्या कंपनीचं नाव घेऊन लॉगिन मागितलं तर ते मशीन अजून त्या कंपनीला बांधलेलं आहे, घेऊ नका. बायोसला (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरला) पासवर्ड नाही ना तेही बघा. विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी दिसतात. आजची ७५ टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून मागा.

नवं घेतलंत तर शोकेसमधला पीस नको, सीलबंद खोका समोर उघडून घ्या. बिलावरचा आणि मशीनखालचा सिरियल नंबर जुळवा. अपघाती नुकसानीचं संरक्षण वेगळं विकत मिळतं आणि ते खरेदीनंतर ठरावीक मुदतीतच घेता येतं. पातळ मशीनला, तेही लोकलने रोज नेणार असाल तर, हे एकच जादा पॅकेज मी घ्यायला सांगतो. त्यात पडदा आणि पाणी सांडणं दोन्ही धरलंय ना, ते सही करण्याआधी वाचून घ्या.